आळणी वॉर्डातला कौल

१

नळीतली लघवी उकळली, फुगे आले, आणि ती होती तशीच नितळ राहिली.

राजाबाईंनी चिमट्यात धरलेली नळी स्पिरिटच्या दिव्यावरून काढून खिडकीच्या उजेडात नेली. ॲसिडचा थेंब सोडला, पुन्हा आच दिली. पांढरेपणाचा मागमूस नाही. भावकू या दवाखान्यात आल्यापासून तिची नळी रोज तापवायची आणि रोज तिच्यात उकडलेल्या अंड्यासारखा पांढराफेक थर गोठलेला बघायचा, हे राजाबाईंच्या अंगवळणी पडलं होतं. आज बघावं तर झऱ्याचं पाणी.

आणि गंमत अशी, की एरवी या खोलीत नाक मुठीत धरून काम करावं लागे, ते आज वाफ नाकाशी आली आणि राजाबाईंना एकदम आईची आठवण झाली. निपाणीचं घर, थंडीचे दिवस, चुलीवर गुळाचा पाक आणि आपण पहिलटकरीण, कुशीत पोर. कुठून कुठं मन जातं बघा. म्हातारपण आलं, असं म्हणत त्यांनी डोळे टिपले आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली.

"बाई, भावकूची नळी साफ हाय. सुटली पोरगी."

डॉक्टर इंदुताई नाडगौडा आत आल्या. मुंबईला शिकून, तिथली नोकरी सोडून ही बाई बेळगावातल्या या बायकांच्या दवाखान्यात आली होती. बोलणं मोजकं, चालणं भरभर. राजाबाई या दवाखान्याच्या मोठ्या नर्स. त्यांनी आजवर डॉक्टर बरेच पाहिले होते, पण रोग्याच्या पायाशी बसून 'मला माहीत नाही, आपण बघू' म्हणणारी डॉक्टर ही एकच. त्यामुळं बाईंवर त्यांचा जीव होता, आणि तो लपवायला म्हणून त्या बाईंशी रोज भांडत.

इंदुताईंनी नळी पाहिली. हसल्या नाहीत. तडक वॉर्डात गेल्या, भावकूच्या खाटेशी बसल्या आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी तिथं खळगा तसाच राहिला, मळलेल्या पिठात बोट खुपसल्यावर राहतो तसा.

बाहेर आल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नळी म्हणते बरी झाली. पाय म्हणतो नाही. दोघांतलं एक खोटं बोलतंय, राजाबाई, आणि पायाला खोटं बोलता येत नाही."

२

गावात त्या खोलीला सगळे 'आळणी वॉर्ड' म्हणत. ही एकोणीसशे अडतीस सालच्या थंडीतली गोष्ट. मूत्रपिंड सुजलं तर त्यावर हुकमी औषध कुणापाशीच नव्हतं, बेळगावात नाही आणि विलायतेतही नाही. इंदुताई रोग्यांना समजावून सांगत, की बाई गं, मूत्रपिंड म्हणजे अंगातली चाळण. धड असली तर घाण तेवढी खाली सोडते आणि रक्तातलं सत्त्व वर धरून ठेवते. जाळी फाटली की सत्त्व लघवीवाटे गळतं, पाणी अंगात मुरतं आणि माणूस सुजतं. नळी तापवली की ते गळालेलं सत्त्व पांढरं होऊन दिसतं.

परदेशात काही डॉक्टर रोग्याचं मीठ तोडून बघत होते, हे इंदुताईंनी वाचलं होतं. भाकरी-आमटीवर वाढलेल्या आपल्या बायांना ते सोसतं का आणि त्यानं गुण येतो का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. म्हणून त्यांनी खाटांच्या दोन ओळी केल्या. डाव्या ओळीला मिठाशिवायचा भात, दूध, फळं. उजव्या ओळीला आजवर चालत आलेलं पथ्य आणि औषध. कोण कुठल्या ओळीत, ते रोगीणच डब्यातली चिठ्ठी उचलून ठरवी.

यावरून राजाबाई तणतणल्या होत्या. "जिला जास्त सूज, तिला आळणी द्या की. चिठ्ठ्या काय उडवताय, ही काय सोडत हाय?"

"मी निवडायला बसले तर माझ्या मनासारख्या बाया निवडीन," इंदुताई म्हणाल्या होत्या. "मग आलेला गुण जेवणाचा की माझ्या निवडीचा, कसं कळणार? मला माझ्यावरच भरवसा नाही, राजाबाई. म्हणून चिठ्ठी."

स्वतःवर भरवसा नसलेली डॉक्टर राजाबाईंनी पहिल्यांदाच पाहिली, आणि त्या दिवसापासून त्यांचा बाईंवर जास्तच भरवसा बसला.

भावकूच्या चिठ्ठीत आळणी निघालं. कंग्राळीच्या शेतकऱ्याघरची सून, विशीसुद्धा ओलांडलेली नाही. तिची सासू गुणाबाई म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. गेल्या रविवारी तिनं भर वॉर्डात सुनावलं होतं.

"दोन म्हयनं झालं, बाई. सुगी तोंडावर आली, घरात हात न्हाईत. येत्या आयतवारी तुमच्या नळीचा कौल बघणार. साफ आली तर सून घरला. न्हाय आली तर हिला खानापूरला माहेरी सोडणार आन परसूला माझ्या भावाची पोरगी करणार. सांगून ठेवते."

परसू म्हणजे भावकूचा नवरा, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला. रविवारी तेवढा मोटारीनं यायचा. तो पायाच्या अंगठ्याकडं बघत उभा राहिला. भावकूनं सुजलेल्या तोंडावर पदर ओढून घेतला. आईबाप नसलेल्या पोरीला माहेरी सोडायचं म्हणजे भावजयांच्या दारात टाकायचं, आणि तिथं तिला आळणी कोण रांधून घालणार होतं? ती मरायलाच जाणार, हे तिथं सगळ्यांना कळत होतं.

तिच्या सोबतीला राहिली होती नणंद जयाबाई. बाळंतपणाला माहेरी आलेली, सव्वा महिना उलटताच तान्ह्याला काखोटीला मारून दवाखान्यात येऊन बसलेली. राजाबाईंना ती डोळ्यासमोर नको व्हायची. "उठ की गं, किती लोळशील," "गिळ की तो भात, का तोंडानं भरवू," असं दिवसभर भावजयीच्या मागं टुमणं. नणंदच ती. आईनं पाळतीवर ठेवलेली, असं राजाबाईंचं ठाम मत होतं.

आणि आता ही साफ नळी. दुपारी काठी टेकत अप्पासाहेब येऊन हजर. शहापूरचे व्यापारी, दवाखान्याच्या कमिटीचे अध्यक्ष, वॉर्डाचा तांदूळ त्यांच्याच गोदामातून येई. कंपाउंडर मारुतीरावांनी बातमी पोचवली होती.

"खडखडीत बरी झालेली एक बाई दाखवा, असं मी म्हणालो होतो ना? दाखवलीत," अप्पासाहेब म्हणाले. "रविवारी मी येतो. सासूबाईंच्या समोर सांगू. पुढच्या सालचा वॉर्ड पक्का."

इंदुताईंनी त्यांना चहा दिला, निरोप दिला, आणि दार लावून घेतलं.

"चोरी झालीय, राजाबाई. भावकूच्या बरणीतलं पाणी कुणीतरी चोरलंय."

३

प्रत्येक रोगिणीची एक काचेची बरणी, तिच्या खाटेचा आकडा चिकटवलेली, वॉर्डामागच्या मोरीत ठेवलेली असे. दिवसरात्रीची लघवी त्यात साठवायची. सकाळी आया मालुबाई बरण्या ओळीनं बाहेर मांडायची आणि मारुतीराव त्यातून नळ्या भरून आणायचे.

इंदुताईंनी भावकूची बरणी उचलून दाखवली. "रोज हिच्या तळाशी जेमतेम असतं. आज गळ्यापर्यंत भरलीय."

"मग सूज उतरत असंल. पाणी निघालं असंल," राजाबाईंनी आशेनं म्हटलं.

"निघालं असतं तर वजन उतरलं असतं." अप्पासाहेबांच्या गोदामातला जुना काटा वॉर्डाच्या कोपऱ्यात होता. त्यावर भावकूला उभं केलं. वजन कालच्याइतकंच भरलं, तसूभर कमी नाही. राजाबाईंची आशा तिथंच विझली.

मालुबाईला बोलावलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "बरण्या उचलते, बरण्या धुते. कुणाची कुठली ती चिठ्ठी बघून ठेवते. दोन बरण्यांची अदलाबदल झाली म्हणता? मग दुसरी कुनाची तरी चुकली पायजे की. सगळ्या हाईत तशाच हाईत."

हे खरं होतं. बाकीच्या नळ्या रोजच्यासारख्याच गोठल्या होत्या. वॉर्डातल्या कुठल्याच रोगिणीची लघवी साफ नव्हती. म्हणजे बरणीत आलेलं पाणी वॉर्डातल्या रोगिणीचं नव्हतंच.

गुणाबाई परवा डबा घेऊन येऊन गेली होती. तिला सून कामाला हवी होती, कौल साफ पडावा असं तिलाही वाटत असणार. राजाबाईंनी तिचं नाव काढलं, पण इंदुताईंनी मान हलवली. "ती आली दुपारी, गेली दिवस असताना. ही अख्खी बरणी आहे. दिवसभर, रात्रभर थोडं थोडं करून कुणीतरी भरलीय. परसू तर निपाणीत. आतल्याच माणसाचं काम आहे."

भावकूला विचारलं, तर ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मी रोजच्यावानीच केलं, बाई." आणखी काही बोलायलाच तयार नाही.

जयाबाई दारात बाळाला खांद्यावर टाकून फेऱ्या घालत होती. बाळ किरकिरत होतं.

"मला काय ठावं बाई बरण्यांचं," ती फटकन म्हणाली. "माझंच मला झालंय जड. ह्येचं नाक चोंदलंय, चार दीस झालं धड पीत न्हाय. छाती नुसती दगड झालीया."

"पिळून काढ गं थोडं, न्हायतर ताप भरंल," राजाबाई म्हणाल्या. बाईमाणूस म्हणून तेवढी कणव त्यांना आली.

इंदुताईंनी बाळाचं नाक पाहिलं, मिठाच्या कोमट पाण्याचे थेंब सोडायला सांगितले आणि जयाबाईकडं जरा वेळ बघत राहिल्या. मग प्रयोगाच्या खोलीत परत येऊन त्यांनी निळ्या औषधाची बाटली काढली. त्यात त्या बरणीतले थेंब टाकून नळी तापवली. निळं पाणी हिरवट झालं, मग पिवळसर.

हा रंग राजाबाई चांगला ओळखत होत्या. लघवीत साखर होती.

४

"भावकूला गोड लघवी लागली का हो?"

"भावकूला नाही. ज्याची ही आहे, त्याला." इंदुताई स्टुलावर बसल्या. "राजाबाई, तुमचं नाक तंबाखूच्या गावात तयार झालंय. सकाळी नळी तापवताना कसला वास आला?"

"वास कसला. मला आपली आईची आठवण आली. माझ्या बाळंतपणात तिनं..." राजाबाई बोलता बोलता थांबल्या. "लाडवाचा, बाई. मेथीच्या लाडवाचा."

"मेथी पोटात गेली की तिचा वास लघवीला येतो. आपल्या वॉर्डात मेथी कुणाला देतो आपण?"

कुणालाच नाही. पण या दवाखान्यात मेथी रोज खाणारा एक माणूस होता आणि ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कंपाउंडर मारुतीराव. त्यांना मधुमेह होता. औषधाच्या कपाटाशेजारी त्यांची भिजवलेल्या मेथीची वाटी झाकून ठेवलेली असे आणि रोज सकाळी कडू तोंड करून ते ती चावून खात. साखर त्यांची, मेथी त्यांची, आणि बरण्यांतून नळ्या भरणारे हातही त्यांचेच. आळणी वॉर्ड टिकावा म्हणून अप्पासाहेबांच्या पायऱ्या झिजवल्या त्याही त्यांनीच.

राजाबाईंचा आणि त्यांचा पंचवीस वर्षांचा सहवास. हा माणूस असं करेल? पण बाईंसाठी करेलही, असं त्यांच्या मनानं लगेच उत्तर दिलं.

इंदुताईंनी मारुतीरावांना बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मारुतीरावांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्यासाठी मी कमिटीशी खोटं बोलेन. अप्पासाहेबांशी बोलेन. वेळ आली तर देवाशीही बोलेन. पण नळीशी नाही बोलणार. नळीशी खोटं बोललो तर मी औषधं वाटायची कशाच्या जोरावर?"

मग ते ताठ उभे राहिले. "माझी स्वतःची देतो. दोन्ही शेजारी ठेवून तपासा. मला सोडू नका."

"सोडणारच नव्हते," इंदुताई म्हणाल्या. "तेच मागणार होते मी. साखर साखरेत फरक असतो, मारुतीराव. आणि तो मला सांगता येत नाही, पण कॅम्पातल्या पाववाल्याला येतो."

राजाबाई आणि मारुतीराव एकमेकांकडं बघतच राहिले. पाववाल्याचा इथं काय संबंध?

५

शनिवारी सकाळी कॅम्पातल्या बेकरीतून वाटीभर खमीर आलं, ज्यानं पाव फुगतो ते. इंदुताईंनी दोन नळ्या घेतल्या. एकीत मारुतीरावांची लघवी, दुसरीत बरणीतली, दोन्हीत सारखंच खमीर. नळ्या उपड्या करून पेल्यांत उभ्या केल्या आणि अंघोळीच्या बंबाशेजारी उबेला ठेवल्या. मारुतीराव तिथंच स्टूल टाकून बसले. औषध मागायला आलेल्यांना राजाबाई परतवत होत्या, कंपाउंडरसाहेब आज बंबाची राखण करतायत, म्हणून.

ऊन कलायच्या सुमाराला एका नळीच्या वरच्या टोकाला हवा साठलेली दिसली. बुडबुडे वर चढत होते, नळीतलं पाणी खाली खाली जात होतं. ती मारुतीरावांची नळी होती. दुसरी नळी काठोकाठ भरलेली, जशीच्या तशी. एकही बुडबुडा नाही.

"मधुमेहाची साखर खमीर खातं," इंदुताईंनी सांगितलं. "खाऊन फुगतं. ही दुसरी साखर त्यानं तोंडातसुद्धा घेतली नाही. अशी न फुगणारी साखर लघवीत बहुतेक एकाच वाटेनं येते. ती दुधातली साखर असते. अंगावरचं दूध बाळानं ओढलं नाही, साठून राहिलं, की ती साखर परत आईच्या रक्तात उतरते आणि लघवीवाटे बाहेर पडते."

मारुतीरावांनी सुस्कारा सोडला. राजाबाईंच्या डोळ्यांपुढं मात्र एकेक गोष्ट उलगडत गेली. मेथीचा लाडू खाणारी. दिवसरात्र वॉर्डात असणारी. पेजपाणी भरपूर पिणारी, म्हणून बरणी गळ्यापर्यंत. पोर धड पीत नाही, छाती दगड झालेली. हे सगळं आपल्या कानांवर पडलं होतं, वास आपल्या नाकात शिरला होता, आणि आपण नणंद नणंद म्हणून दात ओठ खात बसलो होतो.

"ती सटवी?" त्या म्हणाल्या. "पण बाई, तिला काय पडलंय भावजयीचं?"

"तेच तिला विचारायचं," इंदुताई म्हणाल्या. "आणि रागानं नाही विचारायचं."

६

जयाबाईनं नाही म्हटलं नाही. बाळाला भावकूच्या खाटेवर ठेवून ती आली, दोघींच्या समोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "व्हय. मीच केलं. वयनीची बरणी मोरीत वतून दिली आन माझी भरली. तिला ठावं हाय, पर तिनं करू नगं म्हणून लई हात जोडलं. म्या ऐकलं न्हाय."

"का गं?"

"का म्हंजे?" जयाबाईनं मान वर केली. "माझं पयलं पोर गेलं तवा सासरच्यांनी मला पांढऱ्या पायाची म्हणून हाकललं. आईनं दारात घेतलं, पर तोंड फिरवून. सासरच्यांनी परत न्हेईस्तवर ह्या भावकूनं मला तीन म्हयनं आपल्या कुशीत झोपवलं. मला घास भरवला. मी जेवत नव्हते तर ती बी जेवायची न्हाय. आन आता तिला सोडणार? माझ्यादेखत?"

राजाबाईंना आठवलं, 'गिळ की तो भात, का तोंडानं भरवू.' त्यांनी पदर तोंडाला लावला.

"अगं, पण त्यानं ती बरी कशी होणार होती?" इंदुताईंनी विचारलं.

जयाबाई गोंधळून बघत राहिली. "कौल साफ पडला की माणूस बरं हुतंय की. आमच्यात देवाला फुलं लावत्यात. उजवं पडलं की काम झालं. आन फूल पडत नसंल तर गुरवाला सांगून जरा सैल लावायचं. देव काय रागावत न्हाय. तुमीबी चिठ्ठ्या उचलूनच खाटा दिल्या न्हवं? म्हटलं, ह्योबी कौलच. जरा सैल लावला."

राजाबाईंना वाटलं, बाई आता चिडतील. इंदुताई खाली जमिनीवर उतरल्या आणि जयाबाईच्या समोर मांडी घालून बसल्या.

"चिठ्ठीचं तुम्हाला मी नीट सांगितलं नाही, ही चूक माझी," त्या म्हणाल्या. "नळी काही घडवत नाही, जया. ती फक्त सांगते. तू तिचं तोंड बंद केलंस. उद्या भावकू कंग्राळीला गेली असती, मीठभाकर खाल्ली असती, उन्हात राबली असती. सगळ्यांनी म्हटलं असतं बरी झाली, आणि पाऊस पडायच्या आत तू तिला स्मशानात पोचवून आली असतीस."

जयाबाई जी रडायला लागली, ती राजाबाईंनी जवळ घेईपर्यंत थांबली नाही.

"मग आता?" हुंदके आवरत तिनं विचारलं. "उद्या आयतवार. आई तिला सोडंल."

"उद्या मी खरं सांगेन," इंदुताई म्हणाल्या. "माझ्यापाशी दुसरं काही नाही."

७

रविवारी प्रयोगाच्या खोलीत माणसं मावेनात. अप्पासाहेब खुर्चीवर, परसू दाराशी, गुणाबाई कमरेवर हात ठेवून मधोमध. जयाबाई भिंतीला टेकून, बाळाला छातीशी धरून.

भावकूची बरणी रात्रभर राजाबाईंनी नजरेआड होऊ दिली नव्हती. इंदुताईंनी सगळ्यांच्या देखत नळी तापवली. वरचा भाग पांढरा झाला.

"भावकू बरी झालेली नाही," त्या म्हणाल्या.

अप्पासाहेब काठीवर पुढं वाकले. "अहो, पण शुक्रवारी..."

"शुक्रवारची नळी तिची नव्हती, तिला मेथीचा वास होता. घोटाळा माझ्या दवाखान्यात झाला, माझ्या नजरेखाली. त्याची जबाबदारी माझी. शुक्रवारचं जे काही सांगितलं गेलं ते मी परत घेते, अप्पासाहेब. खडखडीत बरी बाई माझ्यापाशी नाही."

वॉर्ड गेला, भावकू गेली, असं राजाबाईंना वाटलं. आणि तरीही त्यांची मान ताठ झाली, का ते त्यांना सांगता आलं नसतं.

गुणाबाई इंदुताईंकडं टक लावून बघत होती. "तुमास्नी ह्यात काय मिळालं?" तिनं विचारलं. "साफ हाय म्हटला असता, तर मी सून न्हेली असती. ह्ये सायेब खूश झालं असतं. कुणाला कळलं असतं?"

"भावकूला कळलं असतं. घरी गेल्यावर."

"बरी हुईल का ती?"

"मला ठाऊक नाही," इंदुताई म्हणाल्या. "आली त्या दिवशी निम्मी नळी गोठत होती. आज बघा, हे एवढंच, वरच्या टोकाला. आळणी खाणाऱ्यांत बऱ्याच जणींचं असं उतरलंय. एकीचं अजिबात नाही उतरलं. भावकूचं उतरेल असं मला वाटतं. वाटतं म्हणतेय, ठाऊक आहे म्हणत नाही. मला आणखी वेळ हवा, आणि तिला मिठाशिवायचं जेवण."

गुणाबाईनं नळी हातात मागितली. उजेडात धरून उलटी सुलटी करून बघितली, परत दिली.

"आमचा गुरव जलमात कधी 'ठावं न्हाय' म्हटला न्हाय," ती म्हणाली. "दर खेपंला उजवंच पाडतोय. आन घरात माणसं मरायची ऱ्हायली न्हाईत." मग जरा थांबून तिनं विचारलं, "काय खाती ती? आणा बघू हिकडं."

मालुबाईनं भावकूच्या वाटणीचं ताट आणलं. गुणाबाई तिथंच जमिनीवर बसली. पहिल्याच घासाला तिचं तोंड वाकडं झालं. दुसरा घास तिनं तसाच रेटला. सगळे बघत असताना तिनं तो पांढरा, बेचव भात बोटांनी पुसून संपवला आणि ताटात पाणी ओतून प्यायली.

"दोन म्हयनं ह्ये खाल्लं पोरीनं," ती कुणाकडंच न बघता म्हणाली. "चकार शबूद न काढता." ती उठली, पदर खोचला आणि परसूकडं वळली. "मामाला सांगावा धाड. पोरीला दुसरीकडं बघ म्हणावं. आमची सून दवाखान्यात हाय, तिला येळ लागंल."

परसूनं आयुष्यात पहिल्यांदा आईच्या डोळ्याला डोळा दिला असेल. तो तसाच वॉर्डाकडं धावत सुटला.

अप्पासाहेब काठी घेऊन उठले. दारात जाऊन परत वळले. "तांदूळ पुढच्या सालीही येईल," एवढंच म्हणाले आणि गेले. मारुतीरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

इंदुताई दिवा विझवून नळ्या धुवायला लागल्या होत्या. राजाबाईंनी त्यांच्या हातातली नळी ओढून घेतली. "द्या हिकडं. डॉक्टरीण झाला म्हणून सगळंच येतं व्हय?" त्या गुरगुरल्या, आणि तोंड फिरवून डोळे पुसले. अशी बाई पुन्हा बघायला मिळणार नाही, हे त्यांना त्या क्षणी पक्कं कळलं होतं.

गुणाबाई मात्र अजून गेली नव्हती. तिनं पिशवीतून पितळी डबा काढून जयाबाईच्या पुढ्यात ठेवला. झाकण किलकिलं होतं आणि त्यातून मेथीचा वास खोलीभर पसरला.

"मीबी सा पोरं पाजल्यात गं, मेथीचा वास कुणाचा त्ये मला कळतंय," ती लेकीला खालच्या आवाजात म्हणाली. "लाडू धाडलं तुला दुधासाठनं. खा बसून. पर वयनीच्या बरणीपास्नं लांब ऱ्हा."